करणीचा आळ आणि क्षमा नसलेले पाप

1 मे 2024 च्या रात्री गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावी एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आले. त्यांनी जादूटोणा केला म्हणून गावातले मूल दगावले, असा त्यांच्यावर आळ होता. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले गेले. त्यांत म्हातारी माणसे होती, बायका होत्या. बायबलमधल्या एका वचनाची चर्चा या दोन घटनांपासून सुरू करणे कुणाला विचित्र वाटेल. पण ते वचन ज्या प्रसंगी उच्चारले गेले, तो प्रसंग करणीच्या आळाचाच होता. हे विसरले गेले आणि वचनाचा अर्थ नासला.

वचन आहे ते पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाचे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ते येते, मत्तयच्या बाराव्या आणि लूकच्याही बाराव्या अध्यायात येते. माणसांची सगळी पापे आणि सगळी दुर्भाषणे क्षमा होतील, पण पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला क्षमा नाही, असा त्याचा आशय. एवढ्या एका वाक्याने कितीतरी श्रद्धाळूंची झोप उडवली आहे. जॉन बन्यन या इंग्रज उपदेशकाने 1666 साली लिहिलेल्या आत्मवृत्तात आपण हे पाप करून बसलो या धास्तीचे पानेच्या पाने वर्णन आहे. ख्रिस्ताला विकून टाक, हा विचार त्याच्या मनात नको नको म्हणत असताना घुसत असे आणि एकदा थकून त्याने त्यापुढे मान तुकवली. मग आपण कायमचे गेलो, असे त्याला वाटत राहिले. आजचे मनोविकारतज्ज्ञ अशा धार्मिक धास्तीला मंत्रचळाचा एक प्रकार मानतात. नको तेच शब्द मनात येणे, ते आले म्हणून पुन्हा पुन्हा प्रार्थना करणे आणि तरीही समाधान न होणे ही त्याची लक्षणे.

या आजाराला खतपाणी घालणारी शिकवण मात्र आजारी माणसाची नसते. ती व्यासपीठावरून येते. तोंडातून एक शब्द निसटला की दार बंद. मंडळी सोडून दुसरीकडे गेलात की दार बंद. एखाद्या प्रार्थनासभेतल्या चमत्काराबद्दल शंका काढलीत, तर तुम्ही आत्म्याविरुद्ध बोललात. देवाच्या क्षमेचा असा धाक घालून माणसे बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि वचनाचा मजकूर अशा वाचनाला मुळीच आधार देत नाही.

मार्कचा अध्याय बाविसाव्या ओवीपासून वाचावा. यरुशलेमेहून शास्त्री खाली येतात. येशूच्या हातून माणसे बरी होत आहेत, हे ते नाकारत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की याला बालजबूल लागला आहे आणि भुतांच्या सरदाराच्या बळावर हा भुते काढतो. मत्तयच्या कथेत तर नुकताच एक आंधळा आणि मुका माणूस बरा झालेला आहे, पाहू आणि बोलू लागला आहे. त्याच्याकडे बघत हे बोलले जाते. गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीतल्या कुणालाही ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही. याने करणी केली, याच्या अंगात काहीतरी आहे, हेच ते. येशूच्या घरच्यांनाही त्याच अध्यायात त्याला वेड लागले असे वाटते. क्षमा नसलेल्या पापाचे वचन त्यानंतर येते, आणि मार्क लगेच कारणही देऊन टाकतो: याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते म्हणून.

म्हणजे हे वाक्य जादूटोण्याचा आळ आलेल्या माणसाने आळ घेणाऱ्यांना उद्देशून उच्चारलेले आहे. समोर बरे झालेले माणूस उभे असताना, ते दिसत असताना, त्या बरेपणालाच सैतानाचे काम म्हणणे हा त्यातला अपराध. क्षमा जिच्या हातून यायची त्याच शक्तीला जो सैतान ठरवतो, तो क्षमा घेणार कुणाकडून? ऑगस्टीनने पाचव्या शतकात या पापाचा अर्थ मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा लावला, आणि आजची कॅथलिक शिकवणही देवाच्या दयेला सीमा नाहीत असे आधी सांगून मग क्षमा हट्टाने झिडकारणाऱ्याबद्दल बोलते. ज्याला आपण हे पाप केले की काय या विचाराने रात्र काढावी लागते, तो क्षमेकडे पाठ फिरवून बसलेला नाही, हे त्या रात्रीवरूनच कळते.

एक आक्षेप खरा वजनदार आहे, आणि तो मांडणाऱ्याचा पुढे चांद्याशी, म्हणजे आजच्या चंद्रपूरशी, संबंध आला. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर या विद्वानाने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू धर्माचे खंडन केले, तेव्हा तरुण गोऱ्यांनी 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उलट खंडन केले. एका मर्यादित जन्मातल्या पापांसाठी अनंत नरक हा कसला न्याय, असा त्यांच्या आक्षेपांचा एक रोख होता. 1848 मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले, आणि पुढे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या चांदा मिशनात त्यांनी काही काळ काम केले. शंकांनी मात्र त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. त्यांचा तो प्रश्न टाळून कुणी या वचनावर बोलू नये. क्षमा नाकारणे हे देवाचे काम मानले, तर गोऱ्यांच्या तरुणपणीच्या न्यायबुद्धीपुढे ते टिकत नाही. माणसाने हात मागे घेतला म्हणून क्षमा पोचली नाही असे मानले, तरच वचनाला अर्थ राहतो.

इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय याहून कठीण आहे. एकदा प्रकाश पाहून फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणता येत नाही, असे तो म्हणतो. 250 साली सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी जीव वाचवायला देवांना बळी दिले. रोममधल्या नोव्हेशियनच्या पंथाने अशांना कायमचे बाहेर ठेवले. पण 325 च्या निकिया परिषदेने आठव्या नियमात ठरवले, की नोव्हेशियनपंथीयांना चर्चमध्ये परतायचे असेल तर प्रायश्चित्त घेतलेल्या पतितांबरोबर एकत्र यायला तयार व्हावे लागेल. कठोरांनाच अट घातली गेली. पेत्राने तीनदा येशूला ओळखत नाही म्हटले होते, आणि पौल स्वतःला आधीचा निंदक म्हणवतो. त्यांना बाहेर ठेवून चर्च उभे राहिलेच नसते.

आता मंडनाची बाजू. या वचनाचा धाक ज्याला वाटायला हवा तो उपदेशक आहे. चांद्याच्या जंगलात ख्रिस्ती काम नवे नाही. सिरो-मलबार चर्चचे चांद्यातले अधिकारक्षेत्र 1962 मध्ये स्थापन झाले, 1977 मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, त्याचे कॅथेड्रल बल्लारपूरला आहे. पण बरे करण्याचे काम इथे ख्रिस्ती माणसांनीच केले असे नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 पासून आनंदवन उभारले आणि ज्यांचा कुष्ठरोग समाज पापाचे फळ मानत होता, त्यांना शेतावर, कारखान्यात कामाला उभे केले. 1973 मध्ये भामरागडच्या रानात हेमलकशाचे काम सुरू झाले. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी माडिया गोंडांवर उपचार केले. येशूच्या शिष्यांनी एकदा तक्रार केली होती, की आपल्यातला नसलेला एक जण भुते काढतो आहे. येशूने त्याला अडवू दिले नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातली ही गोष्ट तिसऱ्या अध्यायाला जोडूनच वाचायला हवी. आपला नाही म्हणून दुसऱ्याच्या हातून झालेल्या चांगल्याला सैतानी ठरवणारा प्रचारक त्या शास्त्र्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गोंडांचे पेन (देव) किंवा गावचा पुजारी म्हणजे सैतानच, असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानांवर आधीपासूनच असलेली करणीची भाषाच धारदार होते.

मग बारसेवाड्याच्या आरोपींना क्षमा आहे का? कायद्यापुढे त्यांचा हिशोब वेगळा आहे. 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कुणावर करणीचा आळ घेऊन छळणे हाही त्यात गुन्हा आहे. वचनापुढे मात्र त्यांच्याविषयी निकाल देण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण येशूने समोरच्या शास्त्र्यांनासुद्धा बोलावून, दाखले देऊन समजावले. क्षमा नाही म्हणणारे वाक्य त्या समजावण्याच्या शेवटी येते.

एटापल्लीत, जिवतीत, भामरागडात जिथे कुठे रविवारची सभा भरते, तिथे गावात मूल दगावलेल्या आठवड्यात मार्कचा तिसरा अध्याय वाचला जावा. बाविसाव्या ओवीपासून, सावकाश, आळ घेणाऱ्यांचे बोलणे आधी आणि क्षमेचे वाक्य नंतर. ऐकायला संशयित घरातली माणसेही पुढच्या रांगेत बसलेली असावीत.