मंदगतीची किंमत

दुकानात खेळण्याची मोटार हातात घेणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न "ही पळते किती?" असाच निघतो, आणि विक्रेताही, जणू आपल्या घराण्याची कैफियत सांगत असावा अशा अभिमानाने, ताशी किलोमीटरांचा आकडा पुढे करतो, परंतु खडकावर चढण्याकरिताच जिची घडण झाली आहे, आणि जिला या छंदातले लोक नुसते 'क्रॉलर' म्हणतात, त्या मोटारीस हा प्रश्न विचारणे म्हणजे गिर्यारोहकास शंभर यार्ड धावण्याची वेळ विचारणे होय. तिला विचारावयाचे ते इतकेच, की बाई, तू किती हळू चालू शकतेस?

हा प्रश्न मला सुचला तो पैसे बुडाल्यावर. भाच्याच्या मुंजीत, पेटीवर डोंगराचे भव्य चित्र असलेली एक थोराड, झगझगीत गाडी मी आहेर म्हणून दिली. तिला दोनच अवस्था ठाऊक होत्या, निश्चल उभे राहणे आणि उधळणे. वळणाचेही तेच, एक तर पूर्ण डावीकडे नाही तर पूर्ण उजवीकडे. तिसऱ्या दिवशी मागच्या आसातले प्लॅस्टिकचे दंतचक्र झिजून गेले, आणि दुकानदाराने अत्यंत सौजन्याने सांगितले, "साहेब, याचा सुटा भाग येत नाही, नवीनच घेऊन जा." तेव्हापासून, जिचे स्क्रू उघडता येत नाहीत आणि जिचा प्रत्येक भाग स्वतंत्र विकत मिळत नाही, ती गाडी कितीही किफायतशीर दिसली तरी मी तिची शिफारस करीत नाही.

उरलेली खातरजमा दुकानातच, बॅटरी न जोडता करता येते. गाडी उचलून धरावी आणि मागचे एक चाक बोटाने सावकाश फिरवावे. पलीकडचे चाक उलट दिशेने फिरले, तर आसाच्या पोटात मोकळा डिफरन्शियल आहे असे समजावे. अशा गाडीचे जे चाक खडकावर अधांतरी लोंबेल तेच सारी शक्ती उधळून टाकील आणि दगडाला टेकलेले चाक मख्खपणे उभे राहील. दोन्ही चाके एकाच कांबीस जखडल्याप्रमाणे एकाच दिशेने फिरली, तर आस 'लॉक' आहे. हीच परीक्षा पुढच्या आसाचीही घ्यावी. रस्त्यावरच्या मोटारीस वळणावर आतले व बाहेरचे चाक निरनिराळ्या गतीने फिरवावे लागते, म्हणून तिला डिफरन्शियलची गरज. क्रॉलरने ती सोय जाणूनबुजून सोडलेली असते, आणि तिचे वळण मोठे होते, फरशीवर तिची चाके घासटतात, हे दोष त्या सौद्यातच आले. त्यानंतर बॅटरी जोडून रिमोट हाती घ्यावा: ट्रिगर केसभर दाबला असता गाडी केसभरच सरकली पाहिजे, आणि चढावर तो सोडताच ती घरंगळत मागे न येता जागच्या जागी थिजली पाहिजे.

आता जिन्नसांचा तपशील. डब्ल्यूपीएल आणि एमएन या चिनी बनावटीच्या गाड्या सर्वांत स्वस्त. त्यांचे सुटे भाग विपुल असल्यामुळे खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकण्यास त्या उत्तम. मात्र डब्ल्यूपीएलचा डी-१२ हा छोटा ट्रक रूपाने कितीही लोभस असला तरी त्याची मागचीच दोन चाके ओढतात, सबब खडकावर त्याचा उपयोग नाही. याच्या वरच्या पायरीवर अ‍ॅक्सियलची एससीएक्स२४ आणि एफएमएसची एफसीएक्स२४, दोन्ही एकास चोवीस प्रमाणाच्या. दुसरीत रिमोटवरून बदलता येणारे दोन गिअर आणि पोट उंच उचलणारे पोर्टल आस आहेत. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम एकास अठरा प्रमाणाची, तेल भरलेल्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांची आणि अधिक खर्चाची. प्रथमच घेणाऱ्यास माझा कौल चोवीसाव्या हिश्शाच्या गाडीस आहे, कारण ज्या मुलखात चार महिने पाऊस दार उघडू देत नाही तेथे दोन शब्दकोश, एक वीट आणि उशी एवढ्या सामग्रीत तिचा घाट उभा राहतो.

सर्वच पैसे मात्र गाडीवर घालू नयेत. थोडी रक्कम मऊ रबराच्या टायरांसाठी आणि पुढच्या आसावर किंवा चाकांत बसणाऱ्या पितळी वजनांसाठी राखून ठेवावी. चढताना भार आपोआप मागे सरकतो, म्हणून तो आधीच पुढे व खाली असावा. जाणकार पुढे ६० आणि मागे ४० टक्के अशी वाटणी पसंत करतात. लायपो बॅटरीतील प्रत्येक सेल ३ व्होल्टांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि चार्ज होत असता तिला एकटी सोडून बाजारात जाऊ नये.

या खेळाचे मूळ अमेरिकेतले. सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन वाटेवर १९५३ साली खऱ्या जीपगाड्यांची पहिली सामुदायिक सफर, 'जीपर्स जांबोरी', निघाली, आणि तेथला खरखरीत ग्रॅनाइट टायरला धरून ठेवतो. आपला सह्याद्री बेसाल्टचा. कोरडा असताना तो बरा वागतो, पण आषाढात त्यावर शेवाळ चढले की चारही चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्या मानाने कोकणातला सच्छिद्र जांभा फार दिलदार.

भाच्याला अखेर चोवीसाव्या हिश्शाची गाडी मिळाली. मागील दारच्या दगडी पायरीवर चढताना ती सात वेळा उलटी झाली. तेवढ्यात आजी पूजेचे ताट घेऊन आली आणि वाट मोकळी होण्याची वाट पाहत उभी राहिली. पोराने टपावरचे कॅरिअर आणि त्यातले शोभेचे चाक, ज्याचा त्याला सर्वांत जास्त अभिमान होता, ते स्क्रू काढून खिशात टाकले.

"मामा, आता बघ हं," तो म्हणाला.

पुढची चाके कडेला टेकली, किंचित घसरली, पुन्हा टेकली. आजीने ताटातले निरांजन पदराआड धरले आणि एक पाऊल मागे घेतले.

— मंदगती