‘मॅन्युअल वाच’ म्हणणाऱ्यांनो, मॅन्युअल लिहा!

लिनक्सवर अडलेल्या पोराने प्रश्न विचारला की आमचे सीनियर दोन शब्दांत निकाल लावतात: मॅन्युअल वाच. सल्ला खोटा नाही. युनिक्सचं मॅन्युअल १९७१ पासून आहे, लिनक्सने तीच रीत उचलली. टर्मिनलवर ‘मॅन’ आणि पुढे कमांडचं नाव टाका, नेट नसलं तरी माहिती समोर येते. नावच आठवत नसेल तर ‘अ‍ॅप्रोपोस’ आहे. आर्च विकी तर उबुंटूवाल्यांच्याही कामी येते.

पण मॅन पेज म्हणजे शब्दकोश, उस्ताद नव्हे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, पहिल्यांदाच टर्मिनल उघडणाऱ्या मुलापुढे ते इंग्रजी ढकलायचं आणि मदत केली म्हणायचं?

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. कुणीतरी बसून तो अनुवाद केला म्हणून. पुढची वाट मात्र इंग्रजीत, आणि त्या वाटेवर क्लासवाले फी घ्यायला उभे. ज्या डेबियनला लायसन्सचा एक रुपया लागत नाही, ती शिकायला आईचे दागिने गहाण!

विचारणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. स्क्रीनचा तिरपा फोटो आणि ‘भाई, चालत नाही’ हा प्रश्न नव्हे. डिस्ट्रो, आवृत्ती, दिलेली कमांड, आलेली एरर, सगळं टाइप करून द्या. उत्तर सापडलं तर तेही तिथेच लिहा. नुसतं ‘सुटलं’ म्हणून पळालात तर पुढच्याने काय करायचं?

आणि सीनियर मंडळी, इतक्या वर्षांच्या नोकरीतून वायफाय ड्रायव्हरवर मराठीत एक पान निघत नाही?