तापमापकाची कसोटी जव्हारच्या पावसात

श्रावणातली झड लागली, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. कारवीच्या कुडाला ओल येते, चुलीचा धूर घरातच घुटमळतो आणि बाळाची दुपटी वाळता वाळत नाहीत. अशा घरात दोन किलोंच्या अर्भकाला अंगची ऊब टिकवणे कठीण जाते. ती ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. ताप चढला तर घरची माणसे घाबरतात. अंग गार पडले तर मूल शांत निजले आहे असे त्यांना वाटते. फरक तापमापकच सांगू शकतो.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. नंतर दौरे झाले, समित्या झाल्या, आम्हा पत्रकारांचे लेखही झाले. त्या सर्वांहून उपयोगी काम गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने केले. गावातल्याच स्त्रीला शिकवून नवजात अर्भकाची घरी देखभाल करता येते आणि त्याने मृत्यू घटतात, हे दाखवणारा त्यांचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून ही पद्धत देशभर आशा कार्यकर्तींच्या हाती गेली. त्यांच्या साहित्यात वजनकाट्याबरोबर एक डिजिटल तापमापक असतो.

त्याच्या टोकात पारा नसतो. मँगनीज, निकेल यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा एक कण असतो; त्याला थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत रोध दर अंशाला जेमतेम ०.४ टक्के वाढतो. हा कण उलट वागतो: अंशभर तापला की त्याचा रोध सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. यंत्र तो रोध मोजते आणि आपल्याला अंश दाखवते.

या कणाच्या जागी आता एक नवा पदार्थ येऊ पाहत आहे. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली वर्णिलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या प्लॅस्टिकमध्ये वा रबरात मिसळतात. एरवी वीज अडवणारे प्लॅस्टिक. पण वजनाने एक टक्क्याहून कमी नळ्या जरी नीट विखुरल्या, तरी त्यांचे जाळे जुळते आणि वीज वाहू लागते. नळ्या सर्वत्र एकमेकींना टेकलेल्या नसतात. मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, आणि इलेक्ट्रॉन तो ओलांडून जातात. उष्णता वाढली की हे ओलांडणे सोपे होते व रोध घटतो. परंतु त्याच उष्णतेने प्लॅस्टिक फुगते, नळ्या दूर सरतात आणि रोध वाढतो. या ओढाताणीत कोण जिंकेल, हे प्लॅस्टिक कोणते, नळ्या किती आणि मिसळल्या कशा, यावर ठरते. (कला शाखेच्या पदवीधराला एवढे उमजायला दोन संध्याकाळी लागल्या.)

या संशोधनात आपण मागे नव्हतो. मुंबई आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी कापरापासून कार्बनचे सूक्ष्म मणी केले, तर जपानच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंडो यांनी २००३ साली कापरापासूनच नळ्या वाढवल्या. देवापुढे जळून मागे काही न ठेवणारा कापूर प्रयोगशाळेत मात्र असे काही मागे ठेवतो, याची मला मोठी मौज वाटली.

अशा मिश्रणाची पट्टी बाळाच्या काखेत चिकटवावी आणि अंगाची ऊब अखंड कळत राहावी, ही कल्पना मोहक आहे. मोखाड्यात आशा कार्यकर्ती ओढा ओलांडून पाड्यावर येते आणि तासाभराने परतते; रात्री दोन वाजता बाळ गार पडले, तर तेथे कोण असते? म्हणून या पट्टीला माझा विरोध नाही. माझे भांडण तिच्या परीक्षेशी आहे. या पदार्थाचा रोध केवळ तापमानाने बदलत नाही. तो ताणला तर बदलतो आणि हवेतील दमटपणानेही बदलतो. वातानुकूलित खोलीत अचूक ठरलेली पट्टी ओल्या कुडाच्या घरात, हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या अंगावर अर्ध्या अंशाने चुकली, तर ३६.२ चे ३६.७ दिसेल. आई निश्चिंत होईल.

तेव्हा ही वस्तू खरेदीच्या यादीत शिरण्याआधी तिची परीक्षा इथे व्हावी. तिला फार मोठी सामग्री लागत नाही. पाण्याचे भांडे, प्रमाणित तापमापक, रोध मोजणारे मीटर आणि चिकाटीने नोंदी ठेवणारी मुले एवढे पुरे. जव्हारच्या महाविद्यालयात विज्ञान शिकणारी मुले हे काम करू शकतील. बाळांच्या अंगावरील पडताळणी अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी व्हावी. मात्र ही चाचणी जून ते सप्टेंबर याच काळात घ्यावी लागेल. मार्चअखेरच्या खरेदीच्या घाईत ती बसणार नाही.