मुनीमजींच्या डोक्यातले हिशेब

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी ओलांडून चाकणकडे जाताना जे कारखाने दिसतात, त्यांच्या यंत्रांत आज लोखंडाइतकेच महत्त्व लिखित मजकुराला आले आहे. नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये यंत्राच्या आज्ञा साठविलेल्या असतात. प्रोग्रामर त्या बहुधा सी भाषेत लिहितो. चिपला उमजतील अशा अंकांत त्या उतरविणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर.

२०२१च्या चिपटंचाईत आमच्या एका आप्तांच्या भोसरीतील कारखान्यास नेहमीची ८ बिटांची चिप मिळेना. त्यांनी ३२ बिटांची दुसरी घेतली. साहजिकच कंपायलरही बदलला. मजकूर मात्र जुनाच, अनेक वर्षे बिनतक्रार चाललेला. चाचणीच्या वेळी क्लॅम्पने पकड घेण्यापूर्वीच ड्रिल खाली आले. यंत्र रिकामे होते म्हणून निभावले. तेथे कामगाराचा हात असता तर, या विचाराने त्यांना कित्येक रात्री झोप लागली नाही.

दोन क्रियांमध्ये क्षणभर उसंत मिळावी म्हणून जुन्या प्रोग्रामरने चिपला उगाचच काही हजारांपर्यंत मोजायला लावले होते. या मोजणीतून काहीच निष्पन्न होत नाही, असे पाहून नव्या कंपायलरने वेगासाठी ती गाळून टाकली. भाषेच्या नियमांनुसार त्याचे काहीही चुकले नव्हते! थांबण्याचे काम चिपमधील टायमरकडेच सोपवायला हवे होते.

आपल्या पेढ्यांवरील जुने मुनीमजी आठवावेत. कोणाची उधारी किती दिवस थांबवायची, हे वहीत नसे, त्यांच्या डोक्यात असे. ते निवृत्त झाले की वही शाबूत असूनही व्यवहार अडे.

असाच दुसरा अलिखित हिशेब ‘इंट’ या अंकप्रकाराचा निघाला. जुन्या कंपायलरमध्ये तो १६ बिटांचा. ऋण अंक न घेणारा त्याचा प्रकार ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येई, आणि वेळेचे गणित त्यावरच विसंबलेले. नव्यात तो ३२ बिटांचा, पुढे मोजतच राहिला. सी भाषेचे प्रमाण ‘इंट’ किमान १६ बिटांचा असावा, एवढेच सांगते. नेमकी रुंदी नावातच लिहिण्याची सोय १९९९च्या प्रमाणात झाली, पण ती वापरतो कोण?

शेवटी जुने व नवे नियंत्रक शेजारी ठेवून प्रत्येक विलंब ऑसिलोस्कोपवर ताडून पाहिला. दोन महिने गेले, एक मागणीही हातची गेली. आता तेथे प्रत्येक नियंत्रकाच्या फाइलीत कंपायलरचे नाव, आवृत्ती आणि सेटिंग यांची नोंद असते. ती फाइल खातेवह्यांच्याच कपाटात ठेवलेली आहे.