तिघांची बदली एकदम

‘चेन लांबली’ असं आपण म्हणतो. पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात त्या कडीकडीतल्या पिना आणि बुश. ४२८ नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली, तरी शंभरेक सांधे मिळून चेन सेंटिमीटरभर वाढते. रविवारी गाडी डबल स्टँडवर चढवून झाकण उघडलं, तर पुढच्या स्प्रॉकेटचे दात कोयत्यासारखे वाकलेले. ‘नुसती चेन टाक, दात चालतील अजून,’ शेजारचे काका म्हणाले. मागच्या खेपेला हेच ऐकलं, आणि जुन्या दातांनी नवी चेन वर्षाच्या आत खाल्ली. म्हणून यंदा दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदलली. जुनी चेन काढण्याआधी मागचा ब्रेक दाबून धरला आणि पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल केले. चेन निघाल्यावर ते स्प्रॉकेट फिरत राहतं, पाना हतबल होतो. शेवटी लॉकची क्लिप लावली, बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला. चेनची खडखड थांबली. नखांतलं काळं ग्रीस मात्र सोमवारी ऑफिसातल्या चहाच्या कपावर उमटलं.