उंची मोजून महाराज सापडणार नाहीत

शिवाजी महाराजांच्या भूमिकेला उंचापुरा, धिप्पाड नटच हवा, असे साताऱ्याच्या वाचकांनी लिहिले आहे. त्यामागची निष्ठा माझीही आहे; निष्कर्ष मात्र पटत नाही. १६६४च्या जानेवारीत सुरतेत असलेल्या एस्केलियट या इंग्रज पाद्र्याने, महाराजांना पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून, वर्णन लिहून ठेवले आहे: उंची बेताची, बांधा ताठ आणि रेखीव, नजर तीक्ष्ण, बोलताना चेहऱ्यावर हसू. सहा फुटांची अट आपणच घातली! भालजी पेंढारकरांच्या १९५२च्या ‘छत्रपती शिवाजी’तले चंद्रकांत आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात असे ठसले, की पुढचा प्रत्येक नट त्यांच्याशी ताडून पाहिला गेला. २०२२मध्ये अक्षय कुमारांची या भूमिकेतली पहिली झलक आली, तेव्हा मागे विजेचे दिवे दिसले. त्यावरचा आक्षेप रास्त, कारण चूक अभ्यासाची होती. नाकाडोळ्यांची टिंगल मात्र मुळीच रास्त नव्हती. ‘तान्हाजी’ चित्रपटात महाराज साकारणारे शरद केळकर फार वेळ दिसत नाहीत, तरी त्यांचा आवाज आणि नजर लक्षात राहते. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक उभे केले त्या आमच्या सांगलीत नटाची वाणी आधी पारखतात. साताऱ्याच्या मित्रांनीही पुढच्या चित्रपटाला हीच कसोटी लावावी, ही विनंती.

– एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली