मित्रांच्या गोष्टीत ती कुठे आहे?

मारहाणीची तक्रार घेऊन आमच्या केंद्रात आलेली एक बाई जाता जाता म्हणाली, "ताई, यांचे मित्र रोज आमच्या ओट्यावर बसतात. त्यांना सगळं ऐकू जातं." नवऱ्याला बोलावलं, समजावलं, लिहून घेतलं. मित्रांना मात्र कुणीच काही विचारलं नाही. आम्हीही नाही.

त्यानंतर वस्तीतल्या नऊ पुरुषांना आम्ही मित्राची एक आठवण लिहायला सांगितली. पद्धत उसनी होती. जर्मनीत फ्रिगा हाउग आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ती १९८०च्या दशकात स्वतःसाठी घडवली. एकच प्रसंग, 'मी'ऐवजी 'तो' म्हणून, सारवासारव न करता लिहायचा. मग गटाने वाचून काय गाळलं गेलं ते शोधायचं.

गोष्टींत जिव्हाळा होता. रक्त द्यायला धावलेला मित्र होता, रात्रपाळीनंतर वाटून खाल्लेला वडापाव होता. तो जिव्हाळा आपण नाकारू नये. पण मित्र रडला असा प्रसंग एकच, तोही दारू प्यायल्यावर. चहा बहुतेक गोष्टींत आला. तो करणारी बाई एकाही गोष्टीत नव्हती.

एकाने लिहिलं होतं, आतून भांडणाचा आवाज आला तेव्हा तो उठून घरी गेला. गटाने विचारलं, का उठला? बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बोललो असतो तर मैत्री तुटली असती."

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. सद्हेतूने दिली तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. म्हणजे मित्राला कायदा अडवत नाही, मैत्रीच अडवते. पुरुषसत्ता अशी ओट्यावरही टिकते, एकमेकांची इज्जत सांभाळत.

आमच्यातल्याच काही जणी म्हणतात, बायकांसाठी वेळ पुरत नाही, मग पुरुषांच्या मैत्रीचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. गट म्हणजे पुरुषांच्या गाऱ्हाण्यांचा अड्डा होता कामा नये. पुरुषांशी बोलण्याचं काम मुळात पुरुषांनीच करावं. मुंबईत १९९३ साली स्थापन झालेल्या 'मावा'ने ते केलं आहे. पण गोष्टी वाचताना 'यात ती कुठे आहे?' हे विचारणारी आपली एक तरी बाई तिथे हवी. नाहीतर नऊ जण मिळून तेच गाळतील, जे एकेकट्याने गाळलं होतं.

एवढ्याने त्या बाईची मारहाण थांबली, असं मी म्हणणार नाही. पण यापुढे तक्रार लिहून घेताना आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: ओट्यावर कोण बसतं? मैत्रिणींनो, तुमच्याकडेही विचारून पाहा, आणि काय उत्तर येतं ते कळवा.